कीर्तनानंतरचा नमस्कार

लखनौच्या शाळेत सुश्रुत आणि हर्षितची जुंपली. "अभी सुलह करो, नहीं तो दोनों का नाम काट दूँगी," प्रिन्सिपल मॅडमनी बजावलं. लखनौच्या महानगर वस्तीतल्या मराठी मंडळींत कीर्तन संपलं की लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. त्या सवयीने सुश्रुत हर्षितच्या पाया पडायला वाकला. हा आता तंगडी धरून आपटणार, या भीतीने हर्षित थेट मॅडमच्या खुर्चीवर चढला. मॅडमनाही हसू आवरेना, आणि भांडण तिथंच मिटलं.

रविवारी सुश्रुत त्याला कीर्तनाला घेऊन आला.

"अरे, त्या गुंडाला इथं कशाला?" आई कुजबुजली.

"दोस्त है, आई."



कीर्तन संपलं, हर्षित आईच्या पायांशी वाकला, आणि वीस वर्षं कीर्तन ऐकणारी आई दचकून दोन पावलं मागे सरकली.