मोज्यातला टॉवेल
“या शोधनिबंधाचा संदर्भ दोघांनीच दिलाय, त्यातल्या एक तुम्ही स्वतः,” निवड समितीचे अध्यक्ष समोर बसलेल्या प्राध्यापिकेला म्हणाले. तिची बढती बारगळल्यात जमा होती. तिने लॅपटॉप वळवला. “सर, निबंध ट्रकचालकांच्या कंबरदुखीवर आहे. किती चालकांनी डाउनलोड केलाय, बघा. ही आकृती त्यांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतेय.” आकृतीत मोज्यात कोंबलेला टॉवेल कमरेमागे ठेवला होता. “फॉरवर्ड काय, कुणीही करतं. याला प्रभाव म्हणायचं?” अध्यक्ष तावातावाने पुढे झुकले आणि त्यांच्या पाठीमागून काहीतरी घरंगळत तिच्या पायाशी आलं. टॉवेल कोंबलेला मोजा. बाकीच्यांनी एकदम पाण्याचे ग्लास तोंडाला लावले. “हे कुणी सुचवलं, सर?” तिने मोजा अदबीने परत केला. “ड्रायव्हरने. त्याला मोबाइलवर आलं होतं,” अध्यक्ष ओशाळले. मोजा कमरेमागे बसवून ते लेखनिकाकडे वळले. “संदर्भ तीन लिहा. तिसरा, माझी कंबर.”