हलकेच ओढून पाहा

मोंटानातल्या आमच्या कुरणात दोन जातींचं रानटी लार्कस्पर उगवतं. दोन्हींची फुलं निळी, दोन्ही गुरांना विषारी. मी सासऱ्यांना फरक दाखवला, "बाबा, हलकेच ओढून पाहा. एक रोप मुळापासून लगेच सुटतं, दुसरं मूळ घट्ट धरून राहतं."

"आणि तुझ्या जुळ्या पोरी? त्यांनाही ओढून बघू?" ते हसले. नेलला हमखास एडा म्हणायचे, आणि ती पाय आपटून ओरडायची, "आजोबा, मी नेल! चष्मा घाला!"

हिवाळ्यात एडा तापानं गेली.

आज रोपं तपासताना सासऱ्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "एडा, इकडे ये गं." आणि ते जागीच थिजले.



नेल धावत गेली, त्यांचं बोट घट्ट धरून म्हणाली, "आले, आजोबा."