पोत्यातली वाळू

महानंदाचे हात कोपरापर्यंत पोत्यात होते. मैदानावर अजून कुणी आलं नव्हतं. हायवेवरून ट्रक तेवढे जात-येत होते. तिनं वाळूची ओंजळ काढली, इकडंतिकडं पाहिलं आणि शेजारच्या पोत्यात ओतली. ते पोतं समृद्धीचं. मग दोन्ही पोत्यांच्या सुतळ्या होत्या तशा बांधल्या आणि साळसूदपणे बुटाची नाडी बांधत बसली.

खो-खो म्हणजे दम आणि पाय, असं तिचं ठाम मत. त्यात पोत्यांचं काय काम? पण नळदुर्गला नवे प्रशिक्षक शिवपुत्र सर आले आणि त्यांनी खताच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरायला लावली. सकाळी पोतं खांद्यावर घेऊन बैठका, संध्याकाळी किल्ल्याच्या रस्त्यानं पळणं. दर सोमवारी सर पोत्यात थोडी वाळू वाढवायचे. सगळ्यांत जड पोतं महानंदाचं, कारण ती सगळ्यांत मोठी.

"सामना शेवटच्या मिन्टाला जिंकतेत," सर म्हणायचे. "तवा दम बी लागतो आन् ताकद बी. एकानं भागत न्हाय."

ऐकायला छान होतं. पण समृद्धी ही सरांची सख्खी भाची, आणि तिथंच महानंदाच्या मनात पाल चुकचुकली. खांबावर झेप घेऊन गडी टिपायची जागा आजवर महानंदाची होती. समृद्धीचा डोळा त्याच जागेवर होता. महानंदाच्या वयोगटाचं हे शेवटचं वर्ष. राज्य स्पर्धेत मैदानात उतरली तर क्रीडा वसतिगृहात प्रवेश मिळणार होता. नाहीतर खेळ इथंच संपणार होता. अशा वर्षी सरांनी नेमकं तिलाच सगळ्यांत जड पोतं द्यावं? तिचे पाय जड करायचे आणि जागा भाचीला द्यायची, हे कळायला काय फार डोकं लागतं? शिवाय समृद्धी मैदानावर मामाला चुकूनही मामा म्हणायची नाही. सर, सर आणि सर. एवढा साळसूदपणा उगाच नसतो, असं महानंदाला वाटायचं. साळसूदपणा तिला चांगलाच ओळखू यायचा.

म्हणून तिनं तोड काढली. आपलं पोतं हलकं ठेवायचं आणि सरांचा डाव सरांच्याच भाचीच्या खांद्यावर टाकायचा. बैठका मारताना ती तोंड वेडंवाकडं करून कण्हायची. संध्याकाळी मात्र जीव तोडून पळायची. तिकडं समृद्धी पोत्याखाली लालबुंद व्हायची, पण हूं का चूं करायची नाही. त्यानं तर महानंदाचा संशय आणखी वाढला. एवढं ओझं वाढलं तरी ही मामाकडं तक्रार कशी करत नाही? नक्कीच काहीतरी शिजतंय.

निवडीच्या दिवशी सरांनी आधी सगळ्यांना दमेपर्यंत पळवलं आणि मग खेळ लावला. महानंदाचा दम पक्का होता. पुढची पोरगी खांबाला वळसा घालून निसटू लागली, तशी महानंदानं झेप घेतली. पण पायांनी अंग उचललंच नाही. हात पोरीच्या पाठीपासून वीतभर अलीकडं पडला. पुन्हा संधी दिली, पुन्हा तेच झालं. मग समृद्धीची पाळी आली. धापा तीही टाकत होती, पण खांबाशी आली आणि उसळली. पोरगी टिपली गेली.

"खांबावर समृद्धी," सर म्हणाले. "महानंदा राखीव."

इतके दिवस गिळलेलं सगळं महानंदाच्या तोंडातून बाहेर पडलं. "भाची हाय न्हवं तुमची. मला पहिल्यापासून ठावं हुतं, सर."

सर बोलणार एवढ्यात समृद्धी मधे आली. तिचे डोळे भरले होते.

"मामा, ही जागा महानंदा अक्काचीच हाय," ती म्हणाली. मैदानावर तिच्या तोंडून मामा निघाल्याचं कुणी आजवर ऐकलं नव्हतं. "रोज सकाळी अक्का तिच्या पोत्यातली वाळू काढून माझ्या पोत्यात घालायची. एकदा लवकर आले तवा म्या बघितलं. मला वाटलं, अक्काचं हे शेवटचं वर्ष, म्हणून ती मला तयार करायलीय. म्हणून कुणाला बोलले न्हाय. तिच्यामुळंच माझे पाय उठलेत."

सर महानंदाच्या पोत्याकडं गेले. एका हातानं त्यांनी ते उचललं, आणि ते सहज उचललं गेलं. त्यांनी ते परत जागेवर ठेवलं. रागावले असते तर महानंदाला बरं वाटलं असतं.

तिनं समृद्धीच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. लबाडी शोधली. तिथं काहीच सापडेना, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

समृद्धीनं तिचा हात हातात घेतला.

"स्पर्धेला अजून वेळ हाय, अक्का," ती म्हणाली. "उद्यापास्नं तुझं पोतं मी भरते."