दहापैकी दहा

"या महिन्यात एक पाकीट हललं नाही, मॅडम. हवं तर तुम्हीच मोजा," म्हणत अदनानने काळ्या मसाल्याचं अख्खं खोकं काउंटरवर आदळलं. सकाळपासून साधनाला हेच ऐकवणारा तो पाचवा किराणा दुकानदार होता.

साधना मसाला कंपनीत मार्केटिंगची प्रमुख होती आणि हा मसाला तिचा फार लाडका. मालकांच्या मागे लागून तिने मसाला भाजायचं नवं मशीन आणवलं होतं. दिवसाचं काम तासाभरात उरकायचं. बाजारात आणण्याआधी तिने नाशकातल्या तीनशे घरांत मुली पाठवून मसाला वाटला आणि बायकांना गुण विचारले. जवळजवळ सगळ्यांनी दहापैकी दहा दिले. एवढे गुण तिला स्वतःला शाळेत कधी पडले नव्हते! पहिल्या महिन्यात पाकिटं खपलीसुद्धा. पण ज्याने एकदा नेलं तो पुन्हा काही मागायला येईना.

मालकांनी उद्यापर्यंतची मुदत दिली होती. कारण सांगा, नाहीतर मसाला बंद. मसाला बंद झाला तर तिच्या शब्दाला कंपनीत कोण विचारणार?

किंमत चुकली म्हणावं, तर शेजारीच ठेवलेला दुसरा महाग मसाला खपत होता. पाकीट आवडलं नसेल म्हणावं, तर लोक त्याचं कौतुक करत होते. विचार करून तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी तिने बायकांनी भरलेल्या फॉर्मांच्या गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा उचलला आणि थेट मखमलाबादला गेली. गोजराबाईंच्या घरी. झेंडूचा मळा सांभाळणाऱ्या या बाईंनी दहापैकी दहा दिले होते, शिवाय खाली फूलही काढलं होतं.

"मावशी, आमचा मसाला कसा वाटला?"

"लय भारी!"

"मग परत नाही आणलात?"

"आणू की."

"कधी?"

"आणू की, त्यात काय! बस, चहा टाकते."

साधनाला काही म्हणजे काही कळेना. बाई हसत होत्या, चहात आलं किसत होत्या, मसाल्याची तारीफ करत होत्या, आणि चुलीवर भलत्याच मसाल्याची आमटी उकळत होती. साधना रडकुंडीला आली. "मावशी, माझ्या नोकरीवर आलंय हो. खरं काय ते सांगा."

गोजराबाईंनी किसणी खाली ठेवली. इकडेतिकडे पाहिलं, जणू चोरीच कबूल करायची होती.

"कडू लागतोय गं. धने करपलेत."

"मग दहापैकी दहा कसे दिलेत?"

"अगं, तुमच्या पोरीनं आधी हातात स्टीलची वाटी ठेवली. संक्रांतीच्या वाणासारखी. मग इचारलं, मसाला कसा हाय. वाण घेतल्यावर नावं ठेवायची का? बरं दिसतं का ते?"

साधना चहा अर्धा टाकून निघाली. त्या पोरीला फैलावर घ्यायचं असं तिने रिक्षात बसताना ठरवलं. पण आधी वाटी द्या, म्हणजे बायका दार उघडतात, ही कल्पना तिची स्वतःचीच होती. तिला भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग यायचा. धणे करपतात हे घरच्या बायकांना कळतं आणि कारखान्यात कोणालाच कळू नये?

ती तडक मशीनपाशी गेली. तिथे सलीमचाचा होते. तीस वर्षं त्यांनी भट्टीवर मसाला भाजला होता आणि आता ते हे मशीन चालवत होते. तिने पाकीट फोडून त्यांच्यापुढे धरलं.

"चाचा, धणे करपतायत?"

"हो. पहिल्याच दिवसापासून. आच फार आहे त्याची."

"पहिल्या दिवसापासून! आणि मशीनच्या उद्घाटनाला मी विचारलं तेव्हा सगळ्यांदेखत तुम्ही काय म्हणालात? एकदम फर्स्ट क्लास! का?"

ती रागावली कशाला, हेच चाचांना समजेना.

"त्या दिवशी तुम्ही आधी माझ्या अंगावर शाल घातलीत, मॅडम," ते म्हणाले. "मसाला कसा झालाय, ते नंतर विचारलंत."