खिडकीची जागा

बेटाला वळसा घालणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावर बाबांनी उभी हयात बस चालवली होती. निवृत्तीनंतर घरच्यांनी त्याच रस्त्याने सहलीला जायचं ठरवलं, तेव्हा लेकीने नकाशा साहजिकच त्यांच्यापुढे पसरला. अवघड वळण कुठलं, चढ कुठे लागतो, नारळाच्या बागांपाशी रस्ता कसा अरुंद होतो, सगळं त्यांनी धडाधडा सांगितलं.

"आणि बाबा, समुद्र सगळ्यात सुंदर कुठून दिसतो?"

ते ओशाळं हसून म्हणाले, "ते कसं सांगू गं? मागे एवढी माणसं बसलेली असायची. माझी नजर रस्त्यावरून हलली असती ना, तर सगळ्यांनाच समुद्र अगदी जवळून दिसला असता!"

आई पोट धरधरून हसली. लेक मात्र हसली नाही. "ठरलं तर. गाडी मी चालवणार. तुम्ही खिडकीशी बसायचं."

"तू? त्या वळणांवर?"

"मला शिकवलं कोणी?"

त्यांनी हसत नकाशाची घडी घातली.

रविवारी भल्या सकाळी निघालेली गाडी दुपार टळली तरी निम्म्या वाटेवरही पोचली नव्हती. कुणी कितीही हात दाखवला तरी थांब्याबाहेर कधी बस न थांबवलेला तो माणूस दर वळणावर लहान पोरासारखा ओरडत होता, "थांब गं, थांब! हे तर मी पाहिलंच नव्हतं!"