फळ्यावरचा आकडा

पोलिसाच्या नोकरीत तीस वर्षं काढली की संशय अंगात मुरतो. चहावाल्यानं साखर जास्त घातली तरी मला वाटतं, हा काहीतरी लपवतोय.

काल ठाण्याच्या दारातला गुन्ह्यांचा फळा रंगवायला आमचा नेहमीचा पेंटर आला. वर्षाचे आकडे मी मोठ्या अक्षरांत लिहून कागद फळ्याच्या कोपऱ्यात चिकटवून ठेवला होता. खून गेल्या वर्षी पाच, यंदा दोन. साहेब जाम खुशीत होते.

"आज डबा नाही आणलास?" मी विचारलं. वहिनींच्या हातचे दोन घास मलाही मिळायचे.

"बायको माहेरी गेलीय, हवालदारसाहेब."

चोऱ्या लिहून झाल्या, मारामाऱ्या लिहून झाल्या. मग बघतो तर काय, खुनांपुढे ठसठशीत तीन!

"अरे बाबा, डोळे फुटले का तुझे? समोर दोन लिहिलंय. माझ्या फळ्यावर उगाच मुडदा वाढवू नकोस."

तो गोरामोरा झाला. "चुकलं," म्हणाला आणि थिनरच्या बोळ्यानं घाईघाईनं तीन पुसून त्यानं दोन काढला. वीस वर्षांतली त्याची ही पहिलीच चूक, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

आज सकाळी त्याचा मेव्हणा गावाहून थेट ठाण्यात आला.



"साहेब, आठवडा झाला, ताई आमच्याशी बोललेली नाही. फोन केला की दाजी उचलतात आणि म्हणतात, ती झोपलीय."