बिघडलेले टेक

"अण्णा, हसू नका हो! तुम्ही मेलेले आहात," कॅमेऱ्यामागून मृदुला ओरडली.

तिच्या पहिल्या शॉर्टफिल्ममध्ये प्रेत व्हायला फुकटात वडीलच तयार झाले होते. पण नाकात कापूस घातला की त्यांना हसू फुटायचं. "मेलं अभद्र काहीतरी!" म्हणत थर्माकोल धरून उजेड देणारी आईही मग हसत सुटायची. मेमरी कार्ड एकच, म्हणून बिघडलेला प्रत्येक टेक मृदुला लगेच डिलीट करायची.

शेवटी अण्णा निपचित पडले. "आता कसं खरं वाटलं!" ती म्हणाली.

दिवाळीआधीच अण्णा खरोखर गेले. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर आई तिच्याजवळ येऊन बसली. "ते हसत होते ना, तेवढं लाव गं."

मृदुलाकडे एकच टेक उरला होता. अगदी खरा वाटणारा.